वाटीभर खरवस

छकुली सव्वादोन महिन्यांची असताना तिच्या लंगोटात पहिल्यांदा रक्त दिसलं. शेंबडासारख्या चिकट शीमध्ये दोन-तीन लाल धागे. योगिनीनं लंगोट दारात उजेडाला धरून पुन्हा पाहिला आणि सासूला हाक मारली, "आत्या, जरा हिकडं या."

साखरबाई चुलीपुढून उठून आल्या. "उष्णता झाली आसंल. तू काल ठेचा खाल्लास न्हवं?" त्यांनी बाळाच्या पोटावर एरंडेलाचा हात फिरवला. पण दुसऱ्या दिवशी धागे वाढले. तिसऱ्या दिवशी छकुली पिता पिता अंग ताणून, पाय पोटाशी ओढून रडायला लागली, तेव्हा योगिनीनं इंदापूरला नवऱ्याला फोन लावला.

ऋषिराज लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होता. कऱ्हाटीहून रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणून इंदापुरात खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला गावी यायचा. त्यानं रजा टाकली. तो, त्याची आई, बायको आणि बाळ असे सगळे बारामतीला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी बाळाला तपासलं, लंगोट पाहिला आणि विचारलं, "घरी गायी आहेत का?"

"पाच हायत," साखरबाई म्हणाल्या. "पर बाळाला वरचं दूध थेंबभर दिलं न्हाय. आईच्या अंगावरच हाय."

"आईचं खाणं सांगा."

योगिनीनं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध. अळिवाची खीर. तुपातले डिंकाचे लाडू. भाकरीवर लोणी, भातावर तूप, जेवणावर ताक. आठवड्याला अंडी, कधी मटणाचा रस्सा. सांगताना तिला वाटलं, बाई खूश होतील.

"गायीच्या दुधातलं प्रोटीन या बाळाला सोसत नाहीये," बाई म्हणाल्या. "तुम्ही खाता त्यातलं थोडं तुमच्या दुधात उतरतं, आणि तिच्या आतड्याला सूज येते. आजपासून दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर, सगळं बंद. अंडीसुद्धा. मटण-मासेही थोडे दिवस नकोत. जनावराकडून आलेलं काही नको, जमिनीतून उगवलेलं तेवढंच खा. गोळ्या देते त्या घ्या. पाजणं मात्र सोडायचं नाही."

"आन् एखांदा चमचा तूप?" साखरबाईंनी विचारलं.

"एक थेंबही नाही, आजी."

बाहेर आल्यावर ऋषिराजनं मोबाइलवर शोधलं. "व्हीगन म्हणत्यात ह्याला. मोठ्या शहरातली लोकं हौसंनं करत्यात."

 साखरबाई पदराखाली झोपलेल्या नातीकडे बघत चालत राहिल्या.

त्याच दिवशी ऋषिराज आणि योगिनी बारामतीतल्या एका मोठ्या किराणा दुकानात शिरले. पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून तिनं बिस्किटं उचलली, आणि मागची बारीक अक्षरं वाचून परत ठेवली. दुधाची पावडर. टोस्ट, तेच. ब्रेड, तेच. खारीत लोणी. हिरव्या ठिपक्याचा अर्थ मांस नाही एवढाच, हे तिला त्या दिवशी कळलं. शेवटी पिशवीत शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ, जवस, खारीक, नाचणीचं पीठ, हुलगे, सोयाबीनच्या वड्या आणि सोया दुधाचा एक खोका एवढं जमलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात तिनं इडली मागवली. पांढऱ्या चटणीत दही असतं म्हणून वेटरनं चटणीची वाटी काढून नेली. सांबार, छकुली पोटात असताना लागायचं त्याच्या दुप्पट आंबट लागलं. तरी तिनं सगळं संपवलं. तिला वाटलं, जमेल.

पण घर दुधावर चालणारं होतं. सासरे सर्जेराव पहाटे आणि संध्याकाळी धारा काढून कॅन संकलन केंद्रावर नेत. स्वयंपाकघरात साय, विरजण, कढवायला ठेवलेलं लोणी. सोया दूध तोंडात घेतलं तर भिजवलेल्या कच्च्या घेवड्यासारखं लागलं, ते तिनं मोरीत थुंकलं. कोरा चहा, भाकरी, जवसाची चटणी, तेलातली भाजी. पाजणाऱ्या बाईची भूक ती. तासाभरानं पोटात पुन्हा खड्डा पडे. रात्री-दिवसा छकुली प्यायची आणि योगिनीला आपण आतून खरवडले जातोय असं वाटायचं. केस विंचरले की फणी भरून यायची.

पहिल्या आठवड्याअखेर रक्त थांबलं नाही, उलट वाढलं. त्या दिवशी वरण कालवताना योगिनीनं घास नाकाशी नेला आणि थांबली.

"आत्या, ह्यात तूप हाय?"

साखरबाई खोटं बोलू शकल्या नाहीत. "चमचाभरच टाकत व्हते. बाळंतिणीची हाडं कोरडी पडत्यात गं. माझ्या डोळ्यादेखत तू वाळत चाललीस."

"किती दिवस?"

"रोज."

योगिनी ताटावरून उठली. साखरबाई देव्हाऱ्यापुढं गेल्या, भंडाऱ्याला हात लावला आणि म्हणाल्या, "खंडोबाची आण. पुन्यांदा न्हाय." त्या रडत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी सुनेसाठी वेगळा तवा, वेगळं पातेलं, वेगळी पळी काढली.

मग तीन आठवडे गेले. एकेक करून लाल धागे कमी झाले, मग नाहीसे झाले. बाळाचं वजन हळूहळू का होईना, चढायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चालू ठेवा." योगिनीला विचारायचं होतं, किती दिवस? पण बाईंनी आपणहून सांगितलं, "वर्षाची होईपर्यंत तरी." तिनं बोटांवर महिने मोजले. भाकरी बघितली तरी आता तिला उमासा येत होता. आळीतल्या बायका बाळाला बघायला येत, तिच्या गालांकडे बघत आणि साखरबाईंना ऐकू जाईल असं म्हणत, "पाजणारीला उपाशी ठिवलंय काय गं?"

अशात एका सोमवारी घरची तांबडी गाय व्यायली.

दुसऱ्या दिवशी साखरबाईंनी चिकाचा खरवस केला. गूळ, वेलची, वर जायफळ. शेजारीपाजारी वाट्या गेल्या. उरलेलं पातेलं ओट्यावर ताट झाकून ठेवून त्या दुपारी सर्जेरावांची भाकरी घेऊन रानात गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुझी मटकी चुलीवर हाय. गरम हाय तवर खा."

छकुली झोळीत झोपली होती. योगिनीनं मटकीचे दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. मग ती ओट्याजवळ गेली. नुसता वास घ्यायचा होता. ताट उचललं. कडेला थोडं चिकटलेलं होतं, ते बोटानं पुसून चाटलं. त्यानंतर काय झालं ते तिला नंतर नीट आठवेना. वाटी कधी घेतली, चमचा कधी घेतला. उभ्याउभ्या खात होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. पोटात गार, गोड, जड असं काहीतरी उतरत गेलं. किती दिवसांनी पोट भरल्याची खूण पटली. वाटी रिकामी झाली तशी ती भानावर आली. घाईघाईनं तिनं वाटी धुतली, पुसली, फळीवर पालथी घातली. मग झोळीजवळ जाऊन बसली आणि मनाशी म्हणाली, वाटीभरच तर आहे. पोरीचं पोट आता सुधारलंय. काही होणार नाही.

तासाभरानं छकुली उठली. योगिनीनं तिला आधी नुसतंच खांद्यावर थोपटलं. पण पोरगी भुकेली होती. तिनं पाजलं.

बुधवारी सकाळी लंगोट लाल झाला. धागे नव्हते, रक्तच होतं. छकुली इतकी रडली की तिचा आवाज बसला, मग नुसतं तोंड उघडायचं, आवाज नाही.

ऋषिराज दुपारी पोचला. डॉक्टरीणबाईंनी बाळ तपासून विचारलं, "दूध पोटात गेलंय का?" ऋषिराजनं बायकोकडे पाहिलं. योगिनी जमिनीकडे बघत म्हणाली, "न्हाय." तेवढा एक शब्द. बाई म्हणाल्या, "कुठून तरी गेलंय. नीट शोधा. पुन्हा असं झालं तर दवाखान्यात ठेवावं लागेल."

घरी आल्यावर ऋषिराज चपला न काढताच स्वयंपाकघरात गेला.

"आई, काय घातलंस तिच्या जेवणात?"

साखरबाई पीठ मळत होत्या. "काय घालू? काय न्हाय बाबा."

"मागं घातलं व्हतंस का न्हाय?"

"व्हय, घातलं व्हतं. कबूल केलं, आण घेतली."

"तुझी आण! पोरीचं रक्त जातंय आन् तुला तुझं तूप पडलंय. तुला डॉक्टरापेक्षा जास्ती कळतं. तू मारशील एक दिवस तिला."

"रुषा!" सर्जेराव बाहेरून ओरडले.

साखरबाईंचे पिठाचे हात तसेच परातीत राहिले होते. "पोरीच्या डोस्क्यावर हात ठिऊन सांगते," त्या म्हणाल्या आणि खरंच उठून झोळीकडे निघाल्या.

"हात लावू नगंस तिला," ऋषिराज म्हणाला.

त्या जागच्या जागी थांबल्या. मग त्यांनी योगिनीकडे पाहिलं. तू तरी सांग, एवढंच त्या नजरेत होतं. योगिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.  आत्ता सांगितलं तर हाच राग आपल्यावर उलटेल, हाच 'मारशील' शब्द आपल्याला लागेल, आणि तो आपल्याला आयुष्यभर पुरेल, हे तिला स्वच्छ दिसलं. ती बोलली नाही.

दिवस मावळायच्या आत ऋषिराजनं दोन पिशव्या भरल्या आणि बायको-मुलीला घेऊन तो इंदापूरला निघाला. साखरबाई दारात आल्या नाहीत.

इंदापूरची खोली एका चाळीत होती. गॅस, चार भांडी, एक कॉट. ऋषिराज कामावर गेला की दिवसभर योगिनी आणि बाळ. सुरुवातीचे दोन दिवस तिनं चुरमुरे आणि गूळ-शेंगदाणे यांवर काढले. तिसऱ्या दिवशी छकुली छातीशी ओढून ओढून रडू लागली, दूध उतरेना, तेव्हा तिनं बाळाला खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यावरची खानावळ गाठली. ऋषिराजचा डबा तिथूनच यायचा. खानावळ चालवणाऱ्या बानूबाई साठीच्या, भारदस्त बाई होत्या.

"मावशी, आमटीत तूप घालता? चपात्यांच्या पिठात दूध?"

"का गं?"

योगिनीनं सगळं सांगितलं. वाटी सोडून सगळं.

"दूध न्हाय, तूप न्हाय, अंडं न्हाय, मटण न्हाय," बानूबाईंनी बोटांवर मोजलं, मग तिला खाली बसवलं. "बस. आमची मेंढरं व्हती शंभर. पर दूध कोकरांला. आमाला काय? हुलग्याचं माडगं. तेवढ्यावर माझ्या आईनं सात लेकरं पाजली."

त्यांनी तिच्यापुढं माडग्याचा वाडगा ठेवला, गुळाचा खडा घातलेला, दाट, गरम. मग बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, तेल घातलेलं पिठलं, मेथीची पातळ भाजी. "लाजू नगंस. दोन जीवांचं खायचं." योगिनी खात गेली. तिसरी भाकरी मोडताना तिला रडू फुटलं. बानूबाईंना वाटलं, भुकेनं रडतेय. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात तिला चटक्यासारखा लागला.

रोज दुपारी ती तिथं जाऊ लागली. आठवड्यात दूध भरून आलं. छकुलीचं रक्त थांबलं, पोट मऊ पडलं. एका सकाळी ती बापाकडे बघून पहिल्यांदा खुदकन हसली.

"बघितलंस?" ऋषिराज म्हणाला. "आईपासनं लांब आलो आन् पोरगी बरी झाली. आता कुणी काय सांगायची गरज न्हाय."

योगिनी मोरीपाशी भांडी घासत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

गावाकडून रोज फोन यायचा. ऋषिराज बघायचा आणि उचलायचा नाही. शुक्रवारी तो कामावर असताना योगिनीच्या फोनवर सर्जेरावांचं नाव आलं.

"मामा?"

"पोरगी कशी हाय?"

"बरी हाय."

"बरं झालं."  मग म्हणाले, "तुझी सासू जेवंना झाली गं. आदी म्हणत व्हती, म्या काय केलं न्हाय. आता म्हणती, माझ्याच हातनं झालं आसंल. चिकाचा हात न धुता पिठाला लागला आसंल. गोठ्यात पाय ठिवत न्हाय. तांबडी इकायची म्हणून बसलीया. उद्या नेणार येतोय. तू जरा बोल तिच्याशी. तुझं ऐकंल."

"मी येते, मामा," योगिनी म्हणाली.

पण त्या संध्याकाळी ऋषिराज दमून आला, आणि तिनं सांगितलं नाही. सकाळी तो पहिल्या पाळीला गेला, आणि तिनं सांगितलं नाही. शनिवारचा सबंध दिवस ती बाळ मांडीवर घेऊन फोनकडे बघत बसली. दर तासाला ती ठरवायची आणि दर तासाला तिचं धैर्य गळायचं. शेवटी संध्याकाळी ऋषिराजनं ताट पुढं ओढलं आणि म्हणाला, "तू का जेवत न्हाईस?" तेव्हा ती म्हणाली, "खरवस मी खाल्ला व्हता."

त्याला आधी कळलंच नाही.

"त्या मंगळवारी. दुपारी घरात कुणी नव्हतं. वाटीभर. आत्यांनी काय घातलं न्हाय. त्यांचा काय दोष न्हाय."

ऋषिराजचा घास हातात राहिला. त्यानं तो ताटात ठेवला, हात न धुता भिंतीला टेकला. ती वाट बघत होती, तो ओरडेल, उठेल, काहीतरी फेकेल. तो हळू आवाजात म्हणाला, "म्या आईला काय काय बोललो, तू हुबी व्हतीस तितं."

"व्हय."

"नातीला हात लावू नगंस म्हणलो."

तिनं त्याच्यापुढचं ताट बाजूला सारलं.

"तूच जा," तो म्हणाला. "उद्या. तूच सांग. म्या कुठल्या तोंडानं जाऊ?"

रविवारी सकाळी ती बाळाला घेऊन बारामतीच्या एसटीत बसली. बारामती स्टँडवर तिनं दोन केळी आणि भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली, खाल्ल्याशिवाय पाजता येणार नव्हतं म्हणून. कऱ्हाटीची गाडी मिळाली तेव्हा ऊन चढलं होतं.

गोठ्यापाशी चार गायी होत्या. पाचवा खुंटा मोकळा होता. तिथं कडब्याचे तुकडे आणि शेण तसंच वाळलेलं होतं.

सर्जेराव वैरण टाकत होते. तिच्याकडे पाहून म्हणाले, "काल नेली. वासरासंगं नेली." आणि पुन्हा कामाला लागले.

साखरबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पावलं ऐकून वळल्या. बाळ दिसलं तशा लगबगीनं उठल्या, दोन्ही हात पुढं केले आणि मधेच मागं घेतले. "हात धुऊन येते," त्या म्हणाल्या. "साबणानं धुते. तवर ठिऊ नगंस खाली."

"आत्या, बसा," योगिनी म्हणाली. तिला वाटलं होतं, पायावर डोकं ठेवून सांगू. पण बाळ कडेवर होतं, वाकता येईना. तिनं उभ्यानंच सांगितलं. खरवस, वाटी, डॉक्टरीणबाईंपुढं बोललेलं 'न्हाय', सगळं.

साखरबाई ऐकत राहिल्या. एवढ्या दिवसांत त्यांचं तोंड बारीक झालं होतं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजी माझ्या हातनं न्हाई झालं?"

"न्हाय, आत्या."

"न्हाई झालं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "तू खाल्लंस त्याचं मला काय न्हाय. भुकेजली व्हतीस, खाल्लंस. मी आसते तर मीबी खाल्लं आसतं. पर तो बोलत व्हता तवा मी तुझ्याकडं बघितलं. तू बी माझ्याकडं बघत व्हतीस."

"चुकलं, आत्या."

"चुकलं न्हवं ते." त्यांनी पदर तोंडावर घेतला. "धारंच्या दोन्ही येळंला गाय दावणीवरनं वळून माझ्याकडं बघत व्हती, आन् मी दार लावून घेतलं. मला वाटलं, हिचंच दूध माझ्या हातावनं गेलं."

योगिनी तिथंच भिंतीशी बसली. छकुली रडायला लागली तशी तिनं पदराखाली घेतली. साखरबाई उठल्या, बाहेर गेल्या. योगिनीला वाटलं, आता त्या आपल्याला जा म्हणतील. बाहेरून पंपाचा आवाज आला, मग हात धुतल्याचा. मग चुलीत काटक्या मोडल्याचा.

अर्ध्या तासानं साखरबाईंनी ताट आणून तिच्यापुढं ठेवलं. भाकरी, शिजवलेल्या हुलग्याच्या पाण्याचं कळण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "तेल, मीठ, मिरची, शेंगदाणं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय न्हाय ह्यात." तोंडाकडे न बघता त्या परत गेल्या.

दोन दिवसांनी ऋषिराज आला. तो आईजवळ बराच वेळ खाली मान घालून बसला होता. ते काय बोलले ते योगिनीला कळलं नाही. जाताना त्यानं तिला इंदापूरला चल म्हटलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. ती कऱ्हाटीतच राहिली.

दिवस जात राहिले. छकुलीला पुन्हा रक्त आलं नाही. तिच्या मनगटावर वळ्या पडायला लागल्या. साखरबाई तीळ कुटून, खारीक वाटून, नाचणीची आंबील करून सुनेचं ताट भरत होत्या. बाजारातून पुडा आला की दुकानदाराकडून वाचून घेऊन मगच पिशवीत टाकत. नातीला मांडीवर घेऊन गाणी म्हणत. पण योगिनीपुढं ताट ठेवताना प्रत्येक वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, तेच म्हणत. तेल, मीठ, मिरची. दुसरं काय न्हाय. साक्ष दिल्यासारखं, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं. योगिनी दर वेळी "व्हय, आत्या" म्हणायची आणि पहिला घास घशाखाली ढकलायची.

दिवाळीच्या आधी एका दुपारी साखरबाई ताट घेऊन आल्या. छकुली पालथी पडून, मान वर काढून त्यांच्याकडे बघत होती. साखरबाईंनी ताट ठेवलं, नातीकडे बघितलं, आणि योगिनीच्या समोरच बसल्या. काहीच बोलल्या नाहीत. योगिनी त्या नेहमीच्या शब्दांची वाट बघत राहिली.

"जेव की," साखरबाई म्हणाल्या. "गार व्हतंय."